दान मिळालेला संगणक उघडत नाही, आणि सर म्हणतात पासवर्ड ‘सोलापूर’च आहे

वसाहतीतली_ताई | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात विडी घरकुलात एक लहानशी अभ्यासिका चालवते. एकच खोली, चौदा-पंधरा मुलं-मुली, बहुतेकांच्या आया घरी विड्या वळतात. दहावी-बारावी झालेल्या चार मुलींना मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची आहे. क्लासची फी परवडत नाही, म्हणून मी ओळखीपाळखीत जुना संगणक मागत होते.

नवी पेठेजवळ पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या एका सरांनी आपला संगणक दिला. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, इन्स्टिट्यूट बंद होऊनही बरीच वर्षं झाली. देताना ते म्हणाले, “यात मी स्वतः तयार केलेले वेगाचे धडे आहेत. मशीन जुनं आहे, ते टिकेल न टिकेल, पण धडे मुलींना द्या.”

मशीन चालू होतं. विंडोज एक्सपी आहे. निळ्या पडद्यावर सरांच्या नावाचं एकच खातं दिसतं आणि पासवर्ड मागतं. सरांना विचारलं तर म्हणाले, “सोलापूर.” टाकलं, चालत नाही. लहान अक्षरांत, मोठ्या अक्षरांत, फक्त पहिलं अक्षर मोठं, इंग्रजांच्या वेळचं ‘शोलापूर’, पिनकोड ४१३००१, सगळं करून झालं. पासवर्डच्या चौकटीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की सूचना दिसते, रोमन लिपीत ‘आपलं गाव’.

सरांचा मुलगा बाहेरगावी असतो. तो फोनवर म्हणाला, “बाबांना आता बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत, तुम्ही सरळ फॉरमॅट मारा.” पण मग धडे जातील, आणि ते द्यायचे म्हणूनच तर सरांनी मशीन दिलं. काय करू?

---

होटगी_रोड | सोमवार, रात्री ९.३५

ताई, एक्सपीवर एक सोपी गोष्ट आधी करून बघा. त्या निळ्या पडद्यावर असताना कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोनदा दाबा. जुन्या पद्धतीची लॉगिन चौकट येईल. नावाच्या जागी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ रोमन अक्षरांत लिहा, पासवर्ड रिकामा ठेवा आणि एंटर. दुकानात जुळवलेल्या पुष्कळ मशीनवर या खात्याला पासवर्ड दिलेलाच नसायचा.

एक्सपीची होम आवृत्ती असेल तर मात्र हे असं होणार नाही. तिथे मशीन सुरू होताना एफ८ दाबत राहायचं, सेफ मोडमध्ये जायचं, मग ते खातं दिसतं.

---

थेट_मुद्दा | सोमवार, रात्री ९.४१

एवढा खटाटोप कशाला? मुलगा स्वतः सांगतोय फॉरमॅट मारा म्हणून. एखादी हलकी लिनक्स टाका, मुलींना टायपिंग शिकवा. सरावाचे धडे बाजारात पुस्तकांत मिळतात. एका जुन्या मशीनमागे आठवडा घालवणं मला पटत नाही. मुलींची परीक्षा महत्त्वाची.

---

बाराखडी | सोमवार, रात्री १०.०५

थेट_मुद्दा, परीक्षा महत्त्वाची हे खरंच. पण देणाऱ्याने मशीनबरोबर एक इच्छा सांगितली आहे. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. शिक्षकाने स्वतः लिहिलेला धडा आणि बाजारातला धडा यांत किती फरक असतो ते मला माहीत आहे. कुठल्या जोडाक्षराला मुलांची बोटं अडतात ते पाहून तो धडा लिहिलेला असतो. सरांनी तीस-चाळीस वर्षं मुलांची बोटं पाहिली असतील. ते पुसू नका.

---

सात_रस्ता | सोमवार, रात्री १०.१२

होय की ओ ताई, पुसू नका. नवी पेठेतनं जाताना वरच्या मजल्यावरनं टायपरायटरची खडखड यायची ती अजून कानात आहे. आमच्या घरी खाली यंत्रमाग, तिथं क्लास. दिवसभर खडखडच. पण दोन्ही आवाज वेगळे ओळखू यायचे आम्हाला.

---

तळघर | सोमवार, रात्री १०.५०

मी हार्डवेअरचं काम करतो. ताई, काहीही करण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली. एक्सपीचे खात्यांचे पासवर्ड हार्ड डिस्कवर ‘सॅम’ नावाच्या फाइलमध्ये असतात. पासवर्ड म्हणून नव्हे, त्यापासून गणिताने काढलेल्या ठशाच्या रूपात. लिनक्सच्या सीडीवरून मशीन चालू करून ती फाइल बदलणारं एक फुकट साधन आहे, त्याने पासवर्ड रिकामा करता येतो. लोक ते सर्रास वापरतात. पण सरांनी एखादा फोल्डर विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद केला असेल, तर पासवर्ड असा बाहेरून उडवल्यावर त्या फायली कायमच्या बंद होतात. ती किल्ली मूळ पासवर्डाला बांधलेली असते. म्हणून हा उपाय अगदी शेवटी.

दुसरी. फक्त फायली हव्या असतील तर पासवर्डाची गरजच नाही. हार्ड डिस्क बाहेर काढा, अ‍ॅडाप्टर लावून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि कॉपी करा. कुलूपबंद केलेलं नसेल ते सगळं वाचता येतं. लॉगिनचा पासवर्ड हा दारावरच्या रखवालदारासारखा असतो. खोलीतल्या कपाटाला त्याने कुलूप लागत नाही.

तुमची डिस्क बहुधा रुंद चपट्या, चाळीस पिनांच्या पट्टीची असेल. तिचं अ‍ॅडाप्टर माझ्याकडे आहे. मी जुळे सोलापुरात राहतो. रविवारी सकाळी येऊ शकतो, पैसे वगैरे काही नको.

---

वसाहतीतली_ताई | मंगळवार, सकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार. रात्रीच करून पाहिलं. होटगी_रोड, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने काही झालं नाही, म्हणजे होम आवृत्ती असणार. सेफ मोडमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं दिसलं, पण त्यालाही पासवर्ड आहे. तिथेही ‘सोलापूर’ टाकून बघितलं. नाही.

तळघर दादा, रविवारी नक्की या. तोवर मी काहीच बदलत नाही.

---

कागदोपत्री | मंगळवार, सकाळी ९.३०

थोडा वेगळा मुद्दा. ताई, सरांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. ‘हा संगणक मी अभ्यासिकेला दिला आहे, त्यातील धडे वापरण्यास व त्यासाठी तो उघडण्यास माझी संमती आहे’ एवढं पुरे. तुमच्यावर कोणी शंका घेतंय म्हणून नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दलच आहे. मशीन दिलं म्हणजे आतला पत्रव्यवहार, बँकेचे कागद, घरचे फोटो हे सगळं दिलं असं होत नाही.

आणि आत गेल्यावर धड्यांचा फोल्डर सोडून दुसरं काही उघडू नका. बाकीचं सरांच्या घरच्यांना पेन ड्राइव्हवर द्या.

---

शेंगापोळी | मंगळवार, सकाळी ११.०२

कागदोपत्रींशी पूर्ण सहमत. माझ्या बहिणीने जुना लॅपटॉप एका संस्थेला दिला. आत आमच्या आईचे शेवटचे फोटो होते, ते काढायचे राहून गेले. दोन महिन्यांनी लक्षात आलं तोवर त्यांनी पुसून दुसरी सिस्टिम टाकली होती. त्यांची काहीच चूक नाही, त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. पण एक फोन आला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

---

थेट_मुद्दा | मंगळवार, सकाळी ११.२०

शेंगापोळी, वाचून वाईट वाटलं. माझ्या कालच्या प्रतिसादातला ‘फॉरमॅट मारा’ हा भाग मी मागे घेतो. रविवारी डिस्क जोडून फायली काढा, मग पुढचं ठरवा.

एक सांगतो मात्र, त्या एक्सपीला इंटरनेट जोडू नका. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार, म्हणजे सुरक्षेची नियमित डागडुजी, थांबवली. तेव्हापासून सापडलेली बहुतेक भोकं तशीच उघडी आहेत. टायपिंगला इंटरनेट लागतही नाही.

---

मूळ_सोलापूर_मुक्काम_पुणे | मंगळवार, दुपारी १.४५

माझ्याकडे असाच एक लॅपटॉप आला होता, त्याची गोष्ट वेगळी. चालू केल्या केल्या, विंडोज यायच्या आतच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागायचा. कुणीतरी सांगितलं की आतला नाण्याएवढा सेल काढून दहा मिनिटांनी परत लावा. तो सीआर२०३२, तीन व्होल्टचा. काढला, लावला. घड्याळ मागे गेलं, पासवर्ड जागेवरच.

@तळघर, असं का होतं?

---

तळघर | मंगळवार, दुपारी २.३०

डेस्कटॉपच्या बोर्डवर तो पासवर्ड त्या सेलच्या जिवावर जपलेल्या स्मृतीत असतो. सेल काढला किंवा बोर्डवरचा छोटा जंपर हलवला की तो पुसला जातो. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपवर कोरून ठेवलेला असतो, तिला वीज लागत नाही. चोरीचा लॅपटॉप सहज उघडू नये म्हणूनच ती रचना केली आहे. अशा वेळी खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जाणं हाच सरळ मार्ग.

ताईंच्या मशीनला त्याची गरज नाही. त्यांचं विंडोजपर्यंत पोचतंय.

नवीन मशीन दान मिळाली तर आणखी एक अडचण येते. विंडोज १० आणि ११ मध्ये पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिथे ४८ आकडी किल्ली लागते आणि ती देणाऱ्याच्या ऑनलाइन खात्यात असते. ती नसेल तर डिस्क काढून जोडली तरी आत काही वाचता येत नाही. म्हणून देणाऱ्यांनाच सांगतो. संगणक देताना आपलं खातं त्यातून काढा, हवं ते कॉपी करून घ्या, उरलेलं पुसा, आणि पासवर्ड ठेवायचाच असेल तर कागदावर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवा.

---

सात_रस्ता | मंगळवार, सायंकाळी ६.१०

ताई, सर जुन्या माणसातले आहेत. ‘आपलं गाव’ म्हणजे त्यांना सिद्धेश्वर महाराजांच्या काळातलं नाव म्हणायचं असेल. ‘सोन्नलगी’ टाकून बघा. गड्ड्याच्या यात्रेत म्हणतात बघा ते नाव. नाहीतर त्यांचं मूळ खेडं असेल, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी असं काहीतरी.

---

वसाहतीतली_ताई | मंगळवार, रात्री ९.००

सात_रस्ता दादा, सोन्नलगी तीन-चार प्रकारे लिहून पाहिलं, नाही चाललं.

आज संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन आले. कागदोपत्रींनी सांगितलेलं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. अक्षर थोडं थरथरतं आहे, पण मजकुरात एक खाडाखोड नाही. मी म्हटलं, सर, दुसरा कुठला शब्द असेल का? तर थोडे दुखावलेच. म्हणाले, “मी सोलापूरच टाकत होतो, रोज सकाळी साडेसहाला, पहिली बॅच यायच्या आधी. विसरायला काय झालं?” काकू आतून खुणेने सांगत होत्या की जाऊ दे, वाद घालू नकोस. निघताना त्या मला दाराशी म्हणाल्या, “हल्ली असं होतं गं. औषध घेतलं की नाही तेही आठवत नाही त्यांना.”

मला फार वाईट वाटलं. उगाच विचारायला गेले असं झालं.

---

शेंगापोळी | मंगळवार, रात्री ९.२५

ताई, उगाच नाही. गेलात हेच चांगलं केलंत. आता रविवारपर्यंत थांबा आणि सरांना परत विचारू नका.

---

चाळीस_शब्द | मंगळवार, रात्री ११.४०

नेहमी फक्त वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी मराठी तीस आणि चाळीस शब्द प्रति मिनिट अशा दोन्ही परीक्षा सोलापुरातच दिल्या आहेत, आता एका कार्यालयात लिपिक आहे.

ताई, सर खरं सांगत असतील असं मला वाटतं. आम्ही टायपिंगवाले ‘सोलापूर’ म्हटलं की इंग्रजी अक्षरं मनात आणतच नाही. बोटं मराठी कळांवर जातात. जुन्या मराठी टायपरायटरची रेमिंग्टन पद्धतीची कळांची मांडणी संगणकावर कृतिदेव फॉन्टमध्ये तशीच ठेवली आहे. त्या फॉन्टमध्ये आपण ‘क’ म्हणून दाबतो ती मुळात इंग्रजी डी ची कळ असते, ‘स’ ही एल ची, ‘र’ ही जे ची. संगणकाला आत इंग्रजी अक्षरंच कळतात, पडद्यावर फक्त मराठी चित्रं दिसतात. पासवर्डाच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात. सर रोज तिथे ‘सोलापूर’ मराठीत टाइप करत असणार, आणि मशीनने त्या कळांची इंग्रजी अक्षरं साठवली असणार!

म्हणजे ही अक्षरं, सगळी लहान, कॅप्स लॉक बंद ठेवून: एल, के, एस, वाय, के, आय, क्यू, जे.

मोबाइलवरून लिहितेय, कीबोर्ड समोर नाही, बोटं हवेत हलवून काढलंय.

---

होटगी_रोड | मंगळवार, रात्री ११.४८

अंगावर काटा आला. ताई, जाग्या असाल तर लगेच करा.

---

तळघर | बुधवार, सकाळी ६.०५

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. एवढी वर्षं मशीन उघडतोय, पण टायपिंग येत नाही ना. चाळीस_शब्द ताई, मानलं तुम्हाला.

---

वसाहतीतली_ताई | बुधवार, सकाळी ८.३०

काल वीज गेली होती, आता येऊन बसले. चाळीस_शब्द, तुम्ही लिहिलं अगदी तसंच टाकलं. तीनदा टाकलं. चालत नाहीये. कॅप्स लॉक बंद आहे, तेही पाहिलं. मुलीही आजूबाजूला उभ्या होत्या, सगळ्यांचे चेहरे उतरले.

---

बाराखडी | बुधवार, सकाळी ८.५५

थांबा, थांबा. चाळीस_शब्द, मला तुमचं टायपिंग येत नाही, पण एक विचारतो. तुमच्या त्या आठ कळांत ‘पु’ ऱ्हस्व घेतला आहे की दीर्घ?

मराठीत, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर, अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ असतो. सोलापूर, पंढरपूर, नागपूर, सगळे ‘पू’ दीर्घ. हिंदीत ते ऱ्हस्व लिहितात, आणि हल्ली मोबाइलवर आपलीही मुलं ‘सोलापुर’ लिहितात. पण साठ वर्षांपूर्वी शिकलेला टायपिंगचा शिक्षक ऱ्हस्व ‘पु’ टाकेल हे मला अशक्य वाटतं. परीक्षेत अशा चुकीला गुण जायचे.

---

चाळीस_शब्द | बुधवार, सकाळी ९.०२

अरे देवा. होय! क्यू म्हणजे ऱ्हस्व उकार. दीर्घ ऊकार डब्ल्यूवर आहे. रात्री घाईत चुकलं, माझ्या सरांनी फुटपट्टी दिली असती यासाठी.

ताई, आता एकेक कळ सांगते, तपासून टाका. स म्हणजे एल. काना म्हणजे के. त्यावर मात्रा एस, काना आणि मात्रा मिळून ‘सो’ झाला. ल म्हणजे वाय. काना के. प म्हणजे आय. दीर्घ ऊकार डब्ल्यू. र म्हणजे जे.

एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे.

---

वसाहतीतली_ताई | बुधवार, सकाळी ९.२०

उघडलं!!!

---

सात_रस्ता | बुधवार, सकाळी ९.२१

काय सांगता ओ!!! 🎉🎉

---

शेंगापोळी | बुधवार, सकाळी ९.२३

ऑफिसात बसून डोळ्यांत पाणी आलं. आधी सरांना फोन करा. काकूंनाही सांगा.

---

होटगी_रोड | बुधवार, सकाळी ९.३०

बाराखडी सर, व्याकरणाने कुलूप उघडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या शाळेत हा नियम असा शिकवला असता तर जन्मभर लक्षात राहिला असता.

---

थेट_मुद्दा | बुधवार, सकाळी १०.१०

फार छान झालं, अभिनंदन ताई. सोमवारी माझं ऐकलं नाहीत हे बरं केलंत.

---

तळघर | बुधवार, सकाळी १०.४०

तांत्रिक आवड असणाऱ्यांसाठी थोडं. एक्सपी नेहमीच्या ठशाबरोबर जुन्या पद्धतीचा आणखी एक ठसा साठवतो. चौदा अक्षरांपर्यंतचा पासवर्ड असेल तर तो सगळा मोठ्या अक्षरांत करून सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडतो. सरांचा आठ अक्षरी पासवर्ड म्हणजे पहिल्या तुकड्यात सात आणि दुसऱ्यात एकटा ‘र’. साधन लावलं असतं तर फार वेळ लागला नसता. पण मग ती आठ अक्षरं पडद्यावर आली असती आणि मला ती निरर्थक वाटली असती. त्यात सोलापूर आहे हे मला कळलंच नसतं, आणि सर विसरले असंच सगळे म्हणत राहिले असते.

ताई, आता ताबडतोब धडे पेन ड्राइव्हवर घ्या. दोन ठिकाणी ठेवा. मशीन फार वेळ चालू ठेवू नका, डिस्क जुनी आहे.

---

वसाहतीतली_ताई | बुधवार, रात्री ९.४५

सविस्तर लिहिते, दिवसभर धावपळ होती.

सरांना फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “उघडलं का?” मी म्हटलं, “उघडलं सर. सोलापूरच होतं. दीर्घ पू.” पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “ऱ्हस्व कुणी टाकला होता?” मी चाळीस_शब्दांचं नाव सांगितलं नाही 🙂 मग काकूंना फोन द्यायला लावला आणि त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, “म्हणजे त्यांना आठवत होतं?” मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून आठवत होतं काकू, आम्हालाच टाकता येत नव्हतं.

डेस्कटॉपवरच ‘धडे’ नावाचा फोल्डर होता. सत्तेचाळीस फायली. पहिले धडे मधल्या ओळीच्या कळांचे, मग नुसते काना-मात्रा, मग जोडाक्षरं, रफार, शेवटी पूर्ण उतारे. उतारेही साधे नाहीत. एकात चादरीच्या कारखान्याला लिहिलेलं मालाच्या चौकशीचं पत्र आहे, एकात पाणीपट्टीबद्दल नगरपालिकेला अर्ज, एकात १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची माहिती, चौघांच्या नावांतली जोडाक्षरं मुद्दाम ठळक करून. मुलींपैकी एकीने वाचून विचारलं, “ताई, चार पुतळ्याचा चौक तो हाच का?” ती रोज तिथून रिक्षा बदलते.

फोटो आणि पत्रं अशा नावांचे आणखी दोन फोल्डर होते. ते उघडले नाहीत. तसेच कॉपी करून काकूंना नेऊन देईन.

एक अडचण आहे. माझ्या मोबाइलवर आणि शेजारच्या संगणकावर धडे उघडले तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

---

चाळीस_शब्द | बुधवार, रात्री १०.०५

ताई, ते खराब झालेलं नाही, तेच आपलं पासवर्डचं कारण. त्या संगणकावर कृतिदेव नाही म्हणून आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडली. सरांच्या मशीनमधला फॉन्टचा फोल्डर उघडा, कृतिदेवची फाइल कॉपी करा आणि दुसऱ्या संगणकावर बसवा, लगेच मराठी दिसेल. मोबाइलसाठी मात्र मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय सगळीकडे दिसणाऱ्या मराठीत, बदलावा लागेल. त्यासाठी फुकट परिवर्तक मिळतात. पण रफार आणि ऱ्हस्व इकार बदलताना कधी कधी जागा चुकतात, तेव्हा एकेक फाइल डोळ्यांखालून घालावीच लागेल. मी दहा फायली घेते.

मी सांगते त्यांना, ऱ्हस्व मीच टाकला होता 🙏

---

बाराखडी | बुधवार, रात्री १०.२०

मुद्रितशोधन माझ्याकडे. बाकीच्या सगळ्या पाठवा. निवृत्त माणूस आहे, वेळ आहे.

---

कागदोपत्री | बुधवार, रात्री १०.३५

धडे या धाग्यावर किंवा इतरत्र टाकण्याआधी सरांना विचारा. लेखन त्यांचं आहे. पत्रात फक्त मुलींना वापरू देण्याची संमती आहे, सगळ्यांसाठी प्रसिद्ध करण्याची नाही.

---

मूळ_सोलापूर_मुक्काम_पुणे | गुरुवार, सकाळी ८.१५

परवानगी मिळाली तर मला हवेत. माझ्या भाचीची परीक्षा आहे. आणि ताई, एक कीबोर्ड पाठवतो, मराठी अक्षरं छापलेला. शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसने भाऊ येतोय, त्याच्याबरोबर देतो.

---

वसाहतीतली_ताई | गुरुवार, रात्री ८.४०

सरांना विचारलं. द्यायला हरकत नाही म्हणाले, पण आत्ता नाही. एकतिसाव्या धड्यात ‘आशीर्वाद’ शब्दात त्यांच्याकडून ऱ्हस्व ‘शि’ राहिला आहे, आणि तो त्यांना तेव्हापासून खटकतो आहे. आधी तो दुरुस्त करायचा, तोही त्यांनी स्वतः, त्याच मशीनवर. शनिवारी दुपारी ऊन उतरल्यावर रिक्षाने येणार आहेत. मुलींनी आजच खोली झाडून ठेवली.

तळघर दादा, तुमचं अ‍ॅडाप्टर आता लागणार नाही. रविवारचा तुमचा वेळ वाचला.

---

तळघर | गुरुवार, रात्री ९.००

मी शनिवारीच येतो, सकाळी, सर यायच्या आधी. अ‍ॅडाप्टर नको, पण ते मशीन वर्षानुवर्षं नवी पेठेत होतं आणि आता यंत्रमागांच्या गावातच राहणार. आत कापसाचे तंतू साचून पंख्याचा नमदा झालेला असेल. या उन्हात ते तसंच चालवलं तर सरांच्या धड्याच्या मधेच बंद पडेल. ब्रश, ब्लोअर आणि नवा सेल घेऊन येतो. घड्याळ मागे पडलं असेल तर तेही लावून देतो.